डॉकेट बंद झालं, लाइन तशीच: लँडलाइन ब्रॉडबँडच्या तक्रार विभागाला खुले पत्र

प्रति,
तक्रार निवारण विभाग
आणि आमच्या दूरध्वनी केंद्राचे उपविभागीय अभियंता

स. न. वि. वि.

कंपनीचं नाव या पत्रात मुद्दाम घालत नाही. घातलं तर उत्तर जनसंपर्क खात्याकडून येईल, गोड भाषेत आणि बिनकामाचं. मला उत्तर हवंय ते लाइन सांभाळणाऱ्यांकडून.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात, बाजारपेठेपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमची आळी आहे. मोबाइलला रेंज मिळते ती गच्चीच्या एका कोपऱ्यात, तीही पावसाळ्यात रुसते. फायबर हमरस्त्यापर्यंत आलंय. आत कधी वळणार, कुणी सांगत नाही. त्यामुळे आमच्याकडे इंटरनेट अजून तांब्याच्या तारेवरून, लँडलाइनच्या फोनसोबतच येतं. मी छोट्या दुकानदारांची जीएसटीची कामं घरून करतो. महिन्याच्या वीस तारखेला 3बी हे मासिक विवरणपत्र भरायची शेवटची मुदत असते, आणि त्या दिवशी पोर्टलची पानं उघडताना कसा घाम फुटतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. ‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार नोंदवताना त्या लाइनचे आकडे लिहून घ्या, आणि तक्रार बंद करताना तेच आकडे पुन्हा लिहा. बाकीचं पत्र हे का करायला हवं यासाठी आहे.

तुमच्या तक्रार केंद्रात फोन लावला की संवाद ठरलेला असतो. आधी लँडलाइन नंबर, मग बिल कुणाच्या नावावर आहे ते, आणि लगेच ‘सर, मॉडेम बंद करून दोन मिनिटांनी चालू करा.’ केला. ‘आता कोणते दिवे लागलेत?’ पॉवर, डीएसएल, इंटरनेट, वायफाय, सगळे हिरवे. ‘मग सर, आपलं कनेक्शन ओके दाखवतंय.’ पलीकडच्या ताईंना मी दोष देत नाही. त्यांच्या पडद्यावर जे लिहिलंय ते त्या वाचतात, आणि आमचं गाव नकाशावर कुठे आहे हे त्यांना माहीत असायचं कारणही नाही. पण डीएसएलचा हिरवा दिवा एवढंच सांगतो की घरातला मॉडेम आणि एक्स्चेंजमधलं, म्हणजे दूरध्वनी केंद्रातलं, यंत्र यांची गाठ पडली आहे. किती वेगावर पडली, ते दिव्याला सांगता येत नाही. आठ एमबीपीएसला तो जितका हिरवा, तितकाच तीनशे केबीपीएसला. जत्रेतला वैदू सगळ्या दुखण्यांवर एकच पुडी देतो, तशी ही बंद-चालूची पुडी झाली आहे.

पुडीचा गुण कधीकधी येतो, हेही खरं, आणि त्यामुळेच ती टिकून आहे. मॉडेम चालू होताना त्या घटकेला लाइनवर किती गोंगाट आहे ते मोजतो आणि त्यावरून वेग ठरवतो. दुपारी, गोंगाट कमी असताना चालू केला तर वेग बरा ठरतो. संध्याकाळी गोंगाट वाढला की तो वेग झेपत नाही, लाइन तुटते, पुन्हा जुळते, ती आता कमी वेगावर. ग्राहकाला वाटतं दुरुस्त झालं होतं, परत बिघडलं. तुमच्या नोंदीतही तसंच जातं: एक तक्रार सुटली, दुसरी आली. मूळ बिघाड मात्र जागच्या जागी.

आता आकड्यांकडे येतो. ते काढायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं की बहुतेक मॉडेमचं पान उघडतं, त्यात डीएसएल स्टेटस म्हणून एक जागा असते. एक्स्चेंजमधल्या यंत्रातही हेच आकडे दिसतात, म्हणजे तुमच्या अभियंत्याला खुर्चीतून न उठता वाचता येतात. त्यातले चार कामाचे. लाइन कोणत्या वेगावर जुळली आहे तो सिंक रेट. वाटेत सिग्नल किती झिजला ते अ‍ॅटेन्युएशन. गोंगाटाच्या वर सिग्नलला किती मोकळीक उरली आहे ते एसएनआर मार्जिन. आणि डेटाचे किती तुकडे खराब होऊन आले ती सीआरसी एररची संख्या.

माझा प्लॅन आठ एमबीपीएसचा. एका संध्याकाळी पानावर होतं: सिंक 1,890 केबीपीएस, अ‍ॅटेन्युएशन 38 डेसिबल, मार्जिन कधी 5 तर कधी 2, आणि सीआरसीचा आकडा बघता बघता वाढत होता. हे चार आकडे हाती असले की अर्धा तपास संपतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्यात सिग्नल किलोमीटरमागे साधारण 14 डेसिबल झिजतो. एक्स्चेंज आमच्या घरापासून तारेच्या वाटेनं अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे 35 च्या जवळपास अपेक्षित. 38 फार वेगळे नाहीत. एवढ्या अंतरावर एडीएसएल2 प्लसनं, म्हणजे तांब्याच्या तारेवरून इंटरनेट आणणाऱ्या आमच्याकडच्या तंत्रानं, आठ एमबीपीएस आरामात द्यावेत. (या तंत्राचा कागदावरचा कमाल वेग 24 एमबीपीएस, पण तो एक्स्चेंजच्या भिंतीला टेकून राहणाऱ्याला.) मार्जिन मात्र 6 च्या खाली गेलं की लाइन डगमगते. म्हणजे अंतराचा प्रश्न नव्हता, मॉडेमचा नव्हता, वायफायचाही नव्हता. तारेत कुठेतरी घाण होती. हे निदान फोनवर झालं असतं, जर कुणी आकडे विचारले असते तर.

उलटही होतं, तेही प्रामाणिकपणे लिहितो. सिंक पूर्ण आठचा असेल आणि तरी पानं रांगत असतील, तर लाइनमनला उन्हात पाठवून काही उपयोग नाही. मग वायफाय बघायचं, मॉडेमला सरळ लॅनची वायर लावून बघायचं, आणि त्यातूनही काही निघालं नाही तर दोष एक्स्चेंजच्या पलीकडे, तुमच्या मागच्या जोडणीत. आठ एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला एक मेगाबाइटच्याही थोडी खालीच उतरणार, कारण आठ बिटांचा एक बाइट, आणि एडीएसएलमध्ये वाटेतल्या दर 53 बाइटांतले कामाचे 48. ‘आठचा प्लॅन आणि उतरतंय एकच’ म्हणून भांडणारे ग्राहक तुम्हाला भेटत असतील. त्यांना हे सांगायला कुणी शिकवलेलं नाही, ना त्यांना ना तुमच्या ताईंना.

घरातल्या चुका आमच्याकडच्याही असतात. कुणी आतल्या खोलीत पॅरलल फोन ओढलेला असतो आणि त्याला फिल्टर नसतो. कुणी रोझेट बॉक्सपासून (भिंतीवरची डबी, जिथे बाहेरची तार येते) मॉडेमपर्यंत चपटी वायर वीस फूट नेतो, तीही इन्व्हर्टरच्या वायरीला बिलगून. याची परीक्षा सोपी आहे: घरातले सगळे फोन काढायचे, मॉडेम छोट्या वायरनं थेट रोझेटला लावायचा, आणि आकडे पुन्हा बघायचे. सुधारले तर दोष घरात. माझे तसूभर हलले नाहीत.

मग मला ते लक्षात आलं ज्यावरून कुठल्याही जुन्या लाइनमननं बिघाड ओळखला असता. फोनची घंटा वाजली की इंटरनेट तुटायचं. आणि रिसीव्हर उचलून धरला, म्हणजे बोलणं चालू असेपर्यंत, नेट उलट जरा सुधारायचं! हे ऐकून तुमच्या तक्रार केंद्रातून मला उत्तर मिळालं, ‘सर, फोन आणि इंटरनेट वेगळी सर्व्हिस आहे.’ सर्व्हिस वेगळी असेल, तार एकच आहे. त्याच दोन तारांत चार किलोहर्ट्झच्या खाली आवाज जातो, आणि साधारण 25 किलोहर्ट्झपासून 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत इंटरनेट. एखादा जोड गंजला की त्यातून बारीक सिग्नल नीट जात नाही. रिसीव्हर उचलला की लाइनमधून थोडा जास्त करंट वाहतो, तो गंजाच्या थराला तात्पुरता भेदतो, आणि जोड तेवढ्यापुरता ‘ओला’ होतो, म्हणजे नीट जुळतो. घंटेच्या वेळी येतो तो जास्त व्होल्टेजचा, वर-खाली होणारा करंट. तो खराब जोडावर आदळला की मॉडेमची पकड सुटते. लाइनवाले याला एचआर म्हणतात, हाय रेझिस्टन्स. फोनवर आवाज स्वच्छ येत होता, म्हणून फोनची तक्रार ‘नाही’ अशी नोंद झाली आणि पुढचं दार बंद झालं.

शेवटी आला तो कंत्राटावरचा लाइनमन. मीटर त्याच्याकडे नव्हता. कंपनीनं दिलेला नाही, म्हणाला. खांद्याला पिशवी, खिशात चाकू आणि पक्कड. मी त्याला घंटेची गोष्ट सांगितली तेव्हा तो घरात आलाच नाही, चप्पल बाहेरच ठेवून सरळ फणसाखालच्या खांबाकडे गेला. शिडी लावली, डीपीचा डबा उघडला, जिथून तारा घरोघरी फुटतात. झाकण केव्हाच गेलेलं, त्यावर दुधाची प्लास्टिकची पिशवी सुतळीनं बांधलेली. आमची ड्रॉप वायर (खांबावरून घरात येणारी तार) जिथे केबलमधल्या पेअरला, म्हणजे तारांच्या जोडीला, जोडली होती तिथे काळी चिकटपट्टी, आणि ती सोलल्यावर आत तांबं दिसेनाच; हिरवट पावडर, बोटाला लागणारी. ‘हे बघा भाऊ, तार नाही ही, चटणी आहे.’ त्यानं दोन्ही टोकं वीतभर छाटली, लखलखीत तांबं येईपर्यंत सोलली, आणि पिशवीतून जेलवाले यूवाय कनेक्टर काढून पक्कडीनं दाबले. शिडीवर गेला तेव्हापासून उतरेपर्यंत चहा थंड होण्याइतकाही वेळ गेला नाही.

सिंक 8,190. अ‍ॅटेन्युएशन 36. मार्जिन 9. घंटा वाजवून पाहिली, नेट हललं नाही.

आता या पत्राचा खरा विषय. संध्याकाळी मला एसएमएस आला: ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ पुढे चौकशी केल्यावर कळलं की डॉकेटमध्ये, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, कारण लिहिलं होतं, ‘ग्राहकाचा मॉडेम रीस्टार्ट केला.’ जोड नाही, डीपी नाही, हिरवी चटणी नाही. लाइनमननं खोटं लिहिलं असं मला वाटत नाही. त्याच्या मोबाइलमधल्या यादीत जे पर्याय आहेत त्यांतला एक निवडल्याशिवाय डॉकेट बंद होत नाही, आणि मुदतीत बंद झालं नाही तर ठेकेदाराचे पैसे कापले जातात. यादी ज्यांनी केली, त्यांना खांबावरचा डबा माहीत नाही.

याचा परिणाम काय होतो ते बघा. त्या डीपीवर दहा पेअर आहेत आणि उघड्या डब्यातलं पाणी काय फक्त माझ्या पेअरवर पडतं? शेजारच्या काकूंचा फोन मुका झाला होता, डायल टोनच नाही, पण नातवाचं इंटरनेट मात्र रखडत का होईना चालू होतं. त्यांना केंद्रातून सांगितलं गेलं की इंटरनेट चालू आहे म्हणजे लाइन चांगली आहे, फोनचं यंत्र बदला. काकूंनी बाजारातून नवं यंत्र आणलं, पैसे वाया. दोन तारांपैकी एक तुटली की नेमकं असंच होतं: आवाजाला दोन्ही तारा लागतात, एडीएसएल मात्र एका तारेवरही कसंबसं, अगदी कमी वेगावर, जुळू शकतं. ‘फोन बंद, नेट चालू, पण स्लो’ ही तक्रार ऐकताच एक तार गेली हे कळायला हवं. तेही त्याच डब्यात निघालं. आणि तरीही नोंदीत माझा ‘मॉडेम’ आणि त्यांचं ‘टेलिफोन यंत्र’ असे दोन वेगळे, घरातले दोष. डीपीचं नाव कुठेच नाही. मग झाकण कोण बसवणार? ज्यांच्या कागदावर डबा कधी बिघडलाच नाही, त्यांच्याकडे झाकणाची मागणी तरी कशी जाणार?

आकडे लिहिले असते तर हे लपलं नसतं. एकाच डीपीवरच्या चार घरांचं मार्जिन एकाच महिन्यात घसरलं तर संगणकावर ते लगेच उठून दिसेल. लाइनमनला चार वेळा शिडी चढावी लागणार नाही.

संध्याकाळच्या गोंगाटाचं थोडं लिहितो, कारण त्यावरही तुमचं उत्तर ठरलेलं आहे: ‘सर, पीक अवर आहे.’ पीक अवरला तुमच्या मागच्या जोडणीवर गर्दी होते हे मान्य, पण त्यानं सिंक रेट कमी होत नाही. सिंक कमी होतो तो लाइनवरच्या गोंगाटानं. एडीएसएल ज्या फ्रिक्वेन्सी वापरतं त्यांच्यातच मीडियम वेव्ह रेडिओचा पट्टा येतो. आकाशवाणीचं पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर, म्हणजे बरोब्बर आमच्या इंटरनेटच्या पट्ट्यात. खांबाखांबांवरून लोंबत आलेली तार ही लांबलचक एरियलच, आणि सूर्य मावळला की मीडियम वेव्ह दूरवर पोचते. त्यात घरातले स्वस्त चार्जर आणि रोषणाईच्या माळांचे अडॅप्टर. घरचा जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, कुठलंही केंद्र नसलेल्या जागी लावून खोल्यांतून फिरवला तर जिथे घरघर वाढते तिथे चोर सापडतो. आमच्याकडे तो सापडला देव्हाऱ्यावरच्या माळेत. गणपतीत तिच्यावरून घरात थोडी बाचाबाची झाली, माळ जिंकली. पण जोड घट्ट असेल आणि मार्जिन 9 असेल तर अशा माळेनंही लाइन पडत नाही, मुद्दा तो आहे.

नियमांचंही बोलू. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला 2004 च्या धोरणानुसार किमान 256 केबीपीएस पुरत होते, 2013 मध्ये ते 512 झाले, आणि जानेवारी 2023 पासून किमान 2 एमबीपीएस. माझी लाइन 1,890 वर होती त्या काळात मी ब्रॉडबँडचं बिल भरत होतो आणि घरात सरकारी व्याख्येनं ब्रॉडबँड नव्हतं. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, 2006 च्या सेवा-दर्जाच्या नियमावलीत कबूल केलेल्या वेगाच्या 80 टक्क्यांहून जास्त वेग ग्राहकाला मिळावा असं होतं; 2024 मध्ये नवी नियमावली आली. तक्रारीला डॉकेट क्रमांक देणं बंधनकारक आहे, आणि तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, हे 2012 च्या नियमांत आहे. तुमच्या आयव्हीआरमध्ये (फोनवरच्या ‘अमुकसाठी एक दाबा’ यादीत) ‘अपील’साठी कोणतं बटण दाबायचं, ते मात्र मला अजून ऐकू आलेलं नाही. आणि अपिलात तरी मी काय मांडणार? तुमच्या नोंदीप्रमाणे माझी लाइन कधीच खराब नव्हती.

‘आता फायबर येणारच आहे’ हे उत्तर कृपया देऊ नका. ज्या दिवशी येईल त्या दिवशी पेढे वाटू. पण फायबरलाही आकडा असतोच. घरातल्या यंत्रापर्यंत प्रकाश किती पोचतो तो डीबीएममध्ये मोजतात, आणि जीपीओएन या घरगुती फायबरच्या तंत्राच्या नेहमीच्या यंत्रांत तो उणे 27 च्या खाली गेला की सेवा डळमळते. खांबावर वायर करकचून वाकवली, कनेक्टरवर धूळ बसली, की तो आकडा घसरतो, आणि तेव्हाही तुमची यादी ‘मॉडेम रीस्टार्ट केला’ असंच म्हणणार असेल तर तार बदलून काय मिळवलं?

तेव्हा पुन्हा स्पष्ट सांगतो. तक्रार घेताना तुमच्या यंत्रावरून सिंक, अ‍ॅटेन्युएशन, मार्जिन आणि एरर हे चार आकडे डॉकेटमध्ये आपोआप पडू देत. तुमच्या ताईंनी ते वाचून दाखवले तर मीही ते लिहून घेईन. सोबत दोन प्रश्न यादीत घाला: ‘फोनवर खरखर आहे का?’ आणि ‘घंटा वाजल्यावर नेट तुटतं का?’ लाइनमनच्या यादीत ‘डीपीतला जोड’, ‘पिलर’ (रस्त्याकडेची तारांची पेटी), ‘ड्रॉप वायर’, ‘एक तार तुटलेली’ हे पर्याय आणा, डीपीचा क्रमांक लिहायची जागा द्या, आणि त्याच्या पिशवीत एक मीटर द्या. बंद करताना आकडे पुन्हा पडू देत. आधीचे आणि नंतरचे सारखेच असतील तर संगणकानं डॉकेट बंद करू नये, ठेकेदाराची मुदत संपली तरी.

आणि एक तातडीचं. फणसाखालच्या त्या खांबावरचा डबा अजून दुधाच्या पिशवीतच आहे. दहापैकी दोनच पेअरचे जोड नवे झालेत, बाकीच्यांची चटणी तशीच आहे. मृग 7 जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी तिथे झाकण बसवायला आणि उरलेले जोड बदलायला माणूस पाठवावा. माझ्या लाइनचे दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे, मॉडेमच्या पानाच्या फोटोंसह, दूरध्वनी केंद्राच्या कार्यालयात दिले आहेत आणि पोच घेतली आहे.

आपला,
त्याच डीपीवरचा एक ग्राहक